आजारपणाची एकपात्री : खोकला दोनदाच!



एकपात्री अभिनयाची स्पर्धा जाहीर झाली की दरवर्षीची ठरलेली पात्रं पुढे येतात. जिजाऊ, सावित्रीबाई, झाशीची राणी आणि डॉ. आनंदीबाई जोशी. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये आमच्या नववीतल्या एका मुलीनं आनंदीबाई निवडल्या. मुलगी हुशार, पाठांतर पक्कं, आवाज खणखणीत. पहिल्याच दिवशी घरून सगळं तयार करून आली. चेहऱ्याला पावडर, डोळ्यांखाली काजळाची काळी वर्तुळं. पाच मिनिटांत अकरा वेळा खोकली (मी मोजलं!), छाती धरली आणि शेवटी धाडकन जमिनीवर पडली.

वर्गानं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. त्या टाळ्यांत माझी एक चूक होती, ती पुढे सांगतेच. आजारपणावरची एकपात्री मुलांकडून कशी बसवावी, हे मी त्या महिन्याभरात शिकले. तेच या पाठात पायरीपायरीनं मांडते आहे. शेवटी आम्ही वापरलेली संहिताही दिली आहे.

आधी थोडं प्रकाराविषयी

एकपात्री म्हणजे एकानेच बोलणं, एवढंच मुलांना माहीत असतं. मग ती प्रेक्षकांकडे तोंड करून भाषण ठोकतात. इथे आपल्या मराठीतला नाट्यछटा हा प्रकार फार उपयोगी पडतो. दिवाकर, म्हणजे शंकर काशिनाथ गर्गे (१८८९–१९३१), यांनी तो मराठीत रुजवला. रॉबर्ट ब्राउनिंग या इंग्रज कवीच्या नाट्यात्म एकभाषितांवरून त्यांना ही कल्पना सुचली. नाट्यछटेत बोलणारं पात्र एकच असतं, पण ते कुणाशी तरी बोलत असतं. समोरचा माणूस दिसत नाही, त्याची वाक्यं ऐकू येत नाहीत. तरी तो काय म्हणाला हे बोलणाऱ्याच्या उत्तरावरून कळतं.

म्हणून मुलाला पहिला प्रश्न विचारायचा, "तू कोणाशी बोलतोयस?" उत्तर "प्रेक्षकांशी" असं आलं तर समजायचं, अजून एकपात्री सुरूच झालेली नाही.

पात्राची ओळख : एवढं मुलाला माहीत हवंच

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचं नाव यमुना, लहानपण कल्याणला गेलं. नवव्या वर्षी गोपाळराव जोशी यांच्याशी लग्न झालं. ते पोस्टात नोकरीला, वयानं बरेच मोठे. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. डॉक्टर व्हायचं त्यांच्या मनानं घेतलं, त्यामागे हे दुःख होतं.

एप्रिल १८८३ मध्ये त्या कलकत्त्याहून बोटीनं निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला पोचल्या. न्यू जर्सीतल्या रोझेल गावी कार्पेंटरबाईंनी त्यांना घरच्या मुलीसारखं ठेवून घेतलं. फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजातून ११ मार्च १८८६ ला त्यांना वैद्यकीय पदवी मिळाली. त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाची जबाबदारीही त्यांना मिळाली होती. पण अमेरिकेत असतानाच तब्येत ढासळली होती, क्षयानं गाठलं होतं. १८८६ च्या अखेरीस त्या परतल्या, आणि कोल्हापूरला रुजू होण्याआधीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा मृत्यू झाला. तेव्हा बाविसावं वर्षही पूर्ण झालं नव्हतं.

मुलांना त्यांचा १८८५ चा फोटो जरूर दाखवा. जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबूली यांच्यासोबत त्या साडीत बसल्या आहेत. माझ्या विद्यार्थिनीनं तो फोटो बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "बाई, या तर ताईएवढ्याच आहेत!" एवढा वेळ ती एखाद्या पुतळ्याचा अभिनय करत होती. त्या दिवसापासून ती एका विशीतल्या मुलीचा अभिनय करायला लागली.

आता माझी चूक

त्या पहिल्या तालमीनंतर मधल्या सुट्टीत वर्गात खोकल्याचा खेळच सुरू झाला. कुणी खोकलं की बाकीचे ओरडायचे, "टीबी! टीबी! लांब हो!" मी एकदा दटावलं आणि सोडून दिलं. मुलंच ती, म्हटलं.

दोन दिवसांनी शाळा सुटल्यावर वर्गातला एक मुलगा माझ्या टेबलापाशी घुटमळत राहिला. सगळे गेल्यावर हळूच म्हणाला, "बाई, त्यांच्या पाठात आहे ना, क्षय म्हणजे मरणच. ते खरंय का?"

मी म्हटलं, "का रे?"

"माझ्या बाबांना आहे. जुलैपासून गोळ्या चालू आहेत. कुणाला सांगू नका."

संहितेत ते वाक्य होतं. आणि ते मीच तपासून पास केलं होतं.

(त्याची ओळख पटेल असं काही इथे लिहीत नाही. जे लिहिते आहे ते त्याच्या घरच्यांना विचारून.)

त्या दिवशी मला त्याला धड उत्तर देता आलं नाही. "नाही रे, बरे होतील" एवढंच म्हटलं. ते त्याला आणि मलाही पुरेसं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्रात गेले, डॉक्टरांशी बोलले आणि मग त्याला बसवून नीट सांगितलं. त्याच संध्याकाळी आधीची संहिता बाजूला ठेवली.

मित्रांनो, १८८७ सालची गोष्ट सांगताना आपण आजच्या मुलांसमोर बसून ती सांगत असतो. तुमच्या वर्गात, प्रेक्षकांत, परीक्षकांतसुद्धा कुणाच्या तरी घरी तो आजार असतो. आणि ते बहुधा कुणाला माहीत नसतं. म्हणून आजाराचा अभ्यास अभिनयाच्या आधी करायचा.

आजार : तेव्हा आणि आता

*तेव्हा.* क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी शोधला आणि २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये ते जाहीर केलं. म्हणूनच २४ मार्च हा जागतिक क्षयरोग दिन. म्हणजे आनंदीबाई अमेरिकेला गेल्या, त्याच्या वर्षभर आधीच जंतू सापडला होता. पण शत्रू दिसला म्हणून तो मारता येतो असं नाही. क्ष-किरणांचा शोध १८९५ चा. क्षयाच्या जंतूवर चालणारं पहिलं प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडलं १९४३ साली, अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात. ते विद्यापीठ न्यू जर्सीत आहे. आनंदीबाई ज्या राज्यात राहिल्या, त्याच राज्यात, त्या तिथे गेल्यानंतर साठ वर्षांनी औषध निघालं! हे वर्गात सांगितलं तेव्हा मुलं एकदम गप्प झाली.

*आता.* साध्या क्षयाचा उपचार साधारण सहा महिन्यांचा असतो. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी पैसे मिळतात. आधी महिना ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. औषध मध्येच सोडलं तर जंतू औषधाला दाद देईनासा होऊ शकतो आणि उपचार लांबतो, अवघड होतो. "आता बरं वाटतंय" म्हणून गोळ्या बंद करणं, हीच मोठी चूक.

फुफ्फुसाचा क्षय हवेतून पसरतो, रुग्ण खोकला-शिंकला की. ताट-वाटी, कपडे, हस्तांदोलन यांतून तो पसरत नाही. खिडक्या उघड्या ठेवणं, खोकताना तोंडावर रुमाल धरणं आणि औषध वेळेवर घेणं यानं धोका पुष्कळ कमी होतो. योग्य औषध सुरू झालं की काही आठवड्यांत रुग्णाकडून होणारा संसर्ग बहुधा खूपच कमी होतो. त्या मुलाला मी हेच सांगितलं. त्यानं विचारलं, "मग मी बाबांच्या ताटात जेवलो तर चालेल?" म्हटलं, "ताटानं काही होत नाही. तुम्हा घरच्यांची तपासणी झाली ना?" तर म्हणाला, "हो, आशाताई आल्या होत्या. सगळ्यांची झाली." तेव्हा कुठे त्याचा चेहरा जरा सैल झाला.

तालीम : सहा पायऱ्या

*पायरी १. बसून वाचन.* पहिले दोन दिवस अभिनय बंद. खुर्चीत बसून फक्त वाचायचं आणि तीन प्रश्नांची उत्तरं वहीत लिहायची. मी कोणाशी बोलते? मला तिच्याकडून काय हवंय? आजार मला कुठे अडवतो? यातला दुसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. आजारी माणूस आजारी दिसायची धडपड करत नाही. त्याला पाणी हवं असतं, उठायचं असतं, काहीतरी सांगायचं असतं, आणि आजार ते करू देत नाही. अभिनय या ओढाताणीचा करायचा.

*पायरी २. माहिती, पण रुग्णाचं प्रदर्शन नाही.* विज्ञानाच्या शिक्षकांना तालमीला बोलवा. संध्याकाळी येणारा बारीक ताप, रात्रीचा घाम, वजन घटणं, थकवा, खोकला ही लक्षणं ते समजावून देतील. मात्र "जा, शेजारच्या आजोबांचं आजारपण बघून ये" असं मुलांना कधीही सांगू नका. आजारी माणूस म्हणजे आपलं शैक्षणिक साहित्य नव्हे.

*पायरी ३. श्वास.* हा खरा धडा. मुलीला दोन मजले जिना चढून यायला लावलं आणि लगेच संहिता वाचायला सांगितली. (दम्याचा त्रास असलेल्या मुलांना हे करायला लावू नका.) दम जिथे तुटला तिथे पेन्सिलनं तिरकी रेघ मारली. गंमत म्हणजे दम स्वल्पविरामापाशी तुटत नाही! तो वाक्याच्या मध्येच, नको तिथे तुटतो. मग पाणी पिऊन, शांत बसून, त्याच रेघा पाळत पुन्हा वाचन. तिसऱ्या दिवशी जिना लागला नाही.

*पायरी ४. खोकला दोनदाच.* अकरा खोकल्यांचे आम्ही दोन केले. पहिला खोकला प्रेक्षक ऐकतात, दुसऱ्याला घाबरतात, तिसऱ्यापासून त्यांना कंटाळा येतो आणि पाचव्याला मागची मुलं हसतात. शिवाय खोटं खोकून मुलांचा घसा खरोखर बसतो. तालमीत खोकल्याच्या जागी फक्त थांबायचं, खोकायचं ते रंगीत तालमीत आणि स्पर्धेत. मधे मधे कोमट पाणी.

या पायरीतला सर्वांत मोलाचा बारकावा मला त्या मुलानंच दिला. एक दिवस आपण होऊन म्हणाला, "बाई, बाबा खोकला यायच्या आधी असा हात वर करतात. म्हणजे, थांबा, मी बोलतोय अजून." आणि त्यानं तळहात समोर धरून दाखवला. मी तो हात माझ्याच नावावर त्या मुलीला शिकवला. कुठून आला हे तिला आजही माहीत नाही. पण प्रयोगात खोकल्यापेक्षा तो वर झालेला हातच लोकांच्या लक्षात राहिला.

*पायरी ५. न दिसणारी व्यक्ती.* आमच्या संहितेत आनंदी दारातल्या सहा-सात वर्षांच्या मुलीशी बोलते. पहिले तीन दिवस पहिलीतली एक मुलगी खरोखर तिथे उभी केली. नंतर तिला काढून जमिनीवर खडूची खूण केली. शेवटी खूणही पुसली. नजरेची उंची मात्र तीच राहिली पाहिजे. नजर वर गेली की मूल गेलं!

*पायरी ६. अशक्त आवाज म्हणजे बारीक आवाज नव्हे.* शेवटच्या रांगेत एका मुलाला बसवा. शब्द कळला नाही की त्यानं हात वर करायचा. अशक्तपणा वेगातून दाखवायचा, आवाज कमी करून नाही. वाक्याचं शेवटचं अक्षर गिळायचं नाही, हे रोज सांगावं लागलं.

संहिता : पहिली रोगी

(ही संहिता कल्पित आहे. दारातली मुलगी, तिचं बोट, हे सगळं वर्गात बसून आम्ही रचलं. ही आनंदीबाईंची स्वतःची वाक्यं नाहीत, हे मुलांना आणि प्रेक्षकांनाही सांगावं. तिरकी रेघ म्हणजे तुटलेला श्वास.)

(मंचावर एक खुर्ची, शेजारी पाण्याचा तांब्या. आनंदी शाल पांघरून टेकून बसली आहे.)

कोण गं दारात? / सावली दिसतेय मला. ये ना पुढे... / नको नको, उंबऱ्यापाशीच थांब. आई काय म्हणाली? आत जाऊ नकोस? / शहाणी आहे तुझी आई. तिथनंच बोल.

काय बघतेस अशी? / मीच ती, विलायतेला जाऊन आलेली! (हसते) विलायत नव्हे गं, / अमेरिका. दोन महिने बोटीत होते. समुद्र? / समुद्र म्हणजे... आपली मुठा आहे ना, / तिला पलीकडचा काठच नाही असं समज.

तो हात मागे का लपवलास? / बघू. वर कर. अजून वर, / उजेडात. अगंबाई! केवढं सुजलंय बोट. / कशानं कापलं? विळीनं? कधी, / परवा? आणि वर हे काय लावलंस, चुलीतली राख?

नाही गं, रागावत नाही. मी फक्त... (हात वर करते. खोकला. पाणी पिते.) / गेला. घाबरलीस? मी नाही घाबरत. / आता ओळखीचा झालाय तो.

ऐक. मला आत्ता उठवत नाही. / पण तुला हात आहेत, मला तोंड आहे. / आपण दोघी मिळून एक डॉक्टर होऊ.

चुलीवर पाणी ठेव. चांगलं उकळू दे, / मग कोमट होऊ दे. त्यानं राख धुऊन काढ. / सगळी. दुखेल. रड हवं तर, / पण धुणं थांबवू नकोस. मग धुतलेलं फडकं घे, / उन्हात वाळवलेलं. करकचून नाही बांधायचं. सांग बघू, / आधी काय करशील? ... बरोबर. मग? ... शाबास!

हसतेस काय? तीन वर्षं शिकले गं मी. / थंडीत कुडकुडत, दिव्याशी बसून. कागद आहे माझ्याजवळ, / त्यावर लिहिलंय, ही डॉक्टर आहे म्हणून. कोल्हापूरला दवाखाना / वाट बघतोय. आणि माझी पहिली रोगी कोण, / तर विळीनं बोट कापलेली तू!

पैसे? नकोत. / उद्या पुन्हा ये, बोट दाखव, तेच माझे पैसे. / मी उद्या... (हात वर. खोकला जास्त वेळ. हात तांब्याकडे जातो, पण तांब्या उचलत नाही.) / उद्या ये. मी कशीही असले / तरी तू ये. जा आता, आधण ठेव. / अगं पळू नकोस, पडशील!

(दाराकडे बघत राहते. मग शाल उतरवून खुर्चीवर ठेवते, उभी राहते आणि स्वतःच्या आवाजात बोलते.)

डॉक्टर आनंदीबाई जोशी २६ फेब्रुवारी १८८७ ला गेल्या. तेव्हा क्षयावर औषध नव्हतं. आज आहे. सरकारी दवाखान्यात ते मोफत मिळतं आणि नेमानं पूर्ण घेतलं तर बहुतेक रुग्ण बरे होतात. दोन आठवडे खोकला राहिला तर तपासून घ्या. बोट मागे लपवू नका. पुढे करा.

संहितेविषयी दोन शब्द

शेवटी शाल उतरवण्यावरून आमच्या शिक्षकखोलीत चांगलाच वाद झाला. मराठीच्याच एका सरांचं म्हणणं, "नाट्य मोडतं. दाराकडे बघत राहते, तिथेच संपवा." कलेच्या दृष्टीनं त्यांचं बरोबरही असेल. पण ज्या मुलानं "बाबा मरणार का" हे विचारायला दोन दिवस हिंमत गोळा केली, तो समोर बसणार होता. त्याला घरी जाताना १८८७ सालातच सोडून देणं मला जमलं नसतं. तुम्ही बसवाल तेव्हा तुमचा निर्णय तुम्ही घ्या. फक्त शेवट ठरवताना समोर कोण बसलंय याचा एकदा विचार करा.

आणि पात्राला मंचावर मारू नका. पूर्वीच्या संहितेत मरण होतं, म्हणून ती पडत होती. नव्या संहितेत मरणाचा शब्दही ती काढत नाही, तरी ते प्रेक्षकांना कळतं. ते कळण्याचं काम प्रेक्षकांचं, मुलानं ते ओरडून सांगायची गरज नाही.

स्पर्धेच्या दिवशी

नंबर आला नाही. एका परीक्षकांनी शेऱ्यात लिहिलं, "आजारपण आणखी दिसायला हवं होतं." मुलगी हिरमुसली. मलाही वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू! "पावडर लावली असती तर आला असता का हो बाई?" असं तिनं विचारलं. म्हटलं, "कदाचित आलाही असता."

आम्ही निघालो, तेवढ्यात पुढच्या रांगेतला एक छोटा मुलगा तिच्याजवळ आला आणि म्हणाला, "ताई, ती दारातली मुलगी कुठे गेली?" ती क्षणभर गोंधळली. मग म्हणाली, "पाणी तापवायला गेली." तो समाधानानं परत गेला. परतीच्या एसटीत ती नंबरविषयी एक शब्दही बोलली नाही.

मूल्यमापनासाठी प्रश्न

गुणांच्या तक्त्याऐवजी मी हे पाच प्रश्न वापरते. वर्गातल्या मुलांनीही एकमेकांचं मूल्यमापन यावरूनच करावं.

१. पात्र कोणाशी बोलतंय हे कळलं का?
२. त्याला काय हवंय हे कळलं का?
३. शेवटच्या रांगेत प्रत्येक शब्द पोचला का?
४. आजाराविषयी चुकीची माहिती गेली का?
५. हा आजार असलेला माणूस प्रेक्षकांत असता, तर त्याला शरम वाटली असती का?

पाचव्या प्रश्नाचं उत्तर "हो" असेल तर पहिल्या चारांचे गुण कितीही असोत, संहिता पुन्हा हातात घ्यायची. कर्करोग, मधुमेह, एड्स, मनाचे आजार, कुठल्याही विषयावरच्या एकपात्रीला हे प्रश्न लागू पडतात.

पालकांसाठी

मुलाला आजारी माणसाची भूमिका मिळाली तर घरी त्याच्याशी बोला. "असं अभद्र काम कशाला घेतलंस" म्हणून मोडता घालू नका. घरात कुणाचं आजारपण होऊन गेलं असेल तर भूमिका करताना ते मुलाला आठवतं. त्याबद्दल त्याला बोलू द्या, पण अभिनयासाठी ती आठवण मुद्दाम उकरून काढू नका. रडून दाखवणं म्हणजे अभिनय नव्हे. आणि घरी कुणाचा उपचार चालू असेल, तर निदान एका शिक्षकाला विश्वासात घ्या. मला आधी माहीत असतं तर ते वाक्य संहितेत राहिलंच नसतं.

त्या मुलाचं पुढे काय झालं? जानेवारीत, संक्रांतीच्या सुमारास, तो सकाळी लवकर शाळेत आला. माझ्या टेबलावर कागदात गुंडाळलेला एक पेढा ठेवला आणि म्हणाला, "बाई, गोळ्या संपल्या. डॉक्टर म्हणाले, बरे झाले." मी पेढा खाल्ला. वर्गातल्या मुलांनी विचारलं, "बाई, पेढा कशाचा?" त्यानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "चांगल्या बातमीचा," आणि हजेरी घ्यायला सुरुवात केली.